नगरप्रीती आणि 'रजनीगंधा'

एखाद्या नगराविषयी जिव्हाळा वाटण्यासाठी त्या नगरात राहिलेच पाहिजे असे नाही. इंदूर, बडोदे, दिल्ली, हैदराबाद अशा ठिकाणी वाढलेल्या कित्येक मराठी माणसांना, आणि मराठीचा गंधही नसलेल्या असंख्य भारतीयांना, मुंबई प्रथम भेटली ती चित्रपटगृहाच्या अंधारात. पुढे कामाधंद्याच्या निमित्ताने प्रत्यक्ष मुंबईत पाऊल टाकल्यावर आपण इथे पूर्वी कधी तरी येऊन गेलो आहोत असे त्यांना वाटले. आणि आणखी काही वर्षांनी मुंबईचे रूप पालटल्यावर, जी मुंबई त्यांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती तिच्यासाठी त्यांच्या मनाला हुरहुर लागली. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की केवळ भाबडेपणा म्हणून त्याची बोळवण करणे समीक्षेला शोभणारे नाही. ही हुरहुर कशाची असते? ज्या नगरासाठी ती वाटते असे माणूस समजतो, त्याच नगरासाठी ती असते काय?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास 'रजनीगंधा' (१९७४) हा हिंदी चित्रपट विशेष उपयोगी आहे. जुन्या मुंबईच्या स्मरणरंजनात ज्या चित्रपटांचा वारंवार उल्लेख होतो त्यांपैकी हा एक. परंतु त्याची निवड करण्याचे कारण एवढेच नाही. जुन्या प्रेमाची पुन्हा भेट झाली असता मनाची जी फसगत होते, किंवा कदाचित मनाला जे सत्य उमगते, तोच ह्या चित्रपटाचा विषय आहे. म्हणजे प्रेक्षक ज्या वृत्तीने हा चित्रपट आज पाहतो, त्या वृत्तीचीच चिकित्सा ह्या चित्रपटाने आधी करून ठेवलेली आहे. हे बहुधा ध्यानात घेतले जात नाही.

चित्रपटाचा आधार मन्नू भंडारी (१९३१–२०२१) ह्यांची 'यही सच है' ही कथा. हिंदीतील 'नई कहानी'च्या परंपरेत ह्या कथेला मानाचे स्थान आहे. दिग्दर्शक बासू चटर्जी हे मूळचे व्यंगचित्रकार. राजेंद्र यादव ह्यांच्या कादंबरीवरून केलेला 'सारा आकाश' (१९६९) हा त्यांचा पहिला चित्रपट. म्हणजे आधुनिक हिंदी कथासाहित्याशी त्यांचे नाते आरंभापासूनच होते. 'रजनीगंधा'त दीपाच्या भूमिकेत विद्या सिन्हा, संजयच्या भूमिकेत अमोल पालेकर आणि नवीनच्या भूमिकेत दिनेश ठाकूर आहेत. छायालेखन के. के. महाजन ह्यांचे, संगीत सलील चौधरी ह्यांचे व गीते योगेश ह्यांची. मोठे नट नाहीत, मारामारी नाही, खलपुरुष नाही. असे असूनही चित्रपट लोकांना आवडला आणि 'फिल्मफेअर'च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकाचा मानकरी ठरला.

मूळ कथेचे कथानक चार वाक्यांत सांगता येईल. प्रबंधलेखनात गढलेली दीपा कानपुरात एकटी राहते. संजयवर तिचे प्रेम आहे. तो तिच्यासाठी रजनीगंधाची फुले आणतो, पण वेळेवर कधी येत नाही. नोकरीच्या मुलाखतीसाठी ती कलकत्त्याला जाते, तिथे तिला पूर्वी दुरावलेला निशीथ भेटतो, आणि खरे प्रेम तेच होते असे तिला वाटू लागते. कानपुरास परतल्यावर निशीथचे त्रोटक, कोरडे पत्र येते. त्याच वेळी फुले घेऊन संजय दारात उभा राहतो, आणि ह्या क्षणाचा स्पर्श हेच सत्य, बाकी सारे मिथ्या, अशी तिची खात्री पटते.

कथा दीपाच्याच तोंडून येते आणि तिचे भाग पाडलेले आहेत ते नगरांच्या नावांनी: कानपूर, कलकत्ता, पुन्हा कानपूर. ही रचना वरवर दैनंदिनीसारखी साधी दिसली तरी तिच्यात कथेचे सारे मर्म आहे. दीपाला दोन पुरुषांपैकी एकाची निवड करावयाची आहे असे कथेचे वर्णन केले जाते. परंतु कथेच्या रचनेवरून पाहता दीपा जिथे असते तिथले सत्य तिला खरे वाटते. कानपुरात संजय खरा, कलकत्त्यात निशीथ खरा. 'हेच खरे' ह्या उद्गारातील 'हे' हे दर्शक सर्वनाम आहे, आणि दर्शक सर्वनामाचा अर्थ बोलणाऱ्याच्या ठिकाणावर अवलंबून असतो. दीपा खोटे बोलत नाही. तिचे ठिकाण बदलते. नगर ही ह्या कथेत पार्श्वभूमी नसून सत्याची अट आहे.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. निशीथवर दीपाचे प्रेम जडले होते ते पाटण्यात, ती अठरा वर्षांची असताना. कलकत्त्याशी त्या प्रेमाचा काही संबंध नाही. तरीही कलकत्त्यातील टॅक्सी, तिथला वारा, शेजारी बसलेल्या निशीथचे मौन ह्या सर्वांवर पाटण्यातील त्या दिवसांचा रंग चढतो. त्याला निळा रंग आवडत असे, म्हणून तिच्या हातून निळी साडी नेसली जाते. ज्या नगरात तिचा भूतकाळ घडलाच नाही त्या नगरात तिला आपला भूतकाळ सापडतो. चित्रपटातही हे पूर्वप्रेम महाविद्यालयीन दिवसांतले आहे, मुंबईतले नव्हे. प्रेक्षकाच्या न अनुभवलेल्या मुंबईविषयीच्या हुरहुरीचे जणू प्रतिबिंबच येथे पाहावयास मिळते.

कथेचा चित्रपट होताना जे बदल झाले त्यांत दोन महत्त्वाचे आहेत. दोन्ही नावांचे आहेत. त्यांतला पहिला बदल अनुवादकाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. कथेतील निशीथ चित्रपटात नवीन झाला. 'निशीथ' म्हणजे मध्यरात्र. 'रजनी' म्हणजेही रात्र. संजय मोठ्या प्रेमाने जी फुले आणतो त्यांच्या नावातच प्रतिस्पर्ध्याचे नाव दडलेले आहे. खोलीभर दरवळणारा सुगंध वर्तमानातील प्रियकराने आणलेला, पण त्या सुगंधाला नाव मात्र गतकाळच्या प्रियकराचे. लेखिकेने हे हेतुतः केले की नाही हा प्रश्न गौण होय. भाषेने ते केले आहे. ही कथा मराठीत आणणाऱ्याने रजनीगंधासाठी 'निशिगंध' हा आपला रूढ शब्द योजला, तर हे नाते अधिकच उघड होते: निशीथ आणि निशिगंध. बाजारात ह्याच फुलाला 'गुलछडी' म्हणतात. तो शब्द घेतला तर नाते पार तुटते. शब्दाची निवड करताना अनुवादक कथेचा अर्थच निवडत असतो, ह्याचे याहून बोलके उदाहरण सहसा आढळणार नाही.

चित्रपटाने नाव बदलले आणि हे नाते गमावले; परंतु त्याच्या मोबदल्यात एक निराळाच उपरोध मिळवला. जो जुना आहे, मागे पडलेला आहे, त्याचे नाव 'नवीन'. स्मृतीचे कार्य नेमके हेच असते. गेलेली गोष्ट ती नवी करून समोर ठेवते, आणि समोरची गोष्ट शिळी वाटू लागते. वेळेवर न येणारा, कचेरीतील बढतीच्या आणि राजकारणाच्या गोष्टी सांगत बसणारा, चित्रपटाला जायचे ठरवून तेच विसरणारा संजय रोजचा आहे, म्हणून शिळा आहे. काळा चष्मा लावणारा, जाहिरातीच्या व्यवसायातला, तत्पर आणि मितभाषी नवीन हा गतकाळाचा असूनही ताजा आहे.

दुसरा बदल नगरांचा. कानपूर व कलकत्ता ह्यांच्या जागी दिल्ली व मुंबई आली. ह्यात हानी झाली आहे हे मान्य केले पाहिजे. लहान व मोठे नगर ह्यांतील अंतर, महानगरात आलेल्या तरुणीच्या मनाचे बुजणे, आणि कलकत्त्यात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या लेखिकेचा त्या नगराशी असलेला परिचय, ह्या गोष्टी नव्या भूगोलात टिकणे शक्य नव्हते. राजधानीतून आलेली मुलगी मुंबईला बुजणार नाही. परंतु लहान-मोठ्याचे अंतर नाहीसे झाल्यावर उरले ते गतीचे अंतर. चित्रपटातील दिल्ली घराच्या अंगाने दिसते: खोली, फुलदाणी, वाट पाहणे. मुंबई दिसते ती वाहनाच्या खिडकीतून. मुकेश ह्यांच्या स्वरातील ज्या गीताला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते गीत टॅक्सीच्या प्रवासावर चित्रित झालेले आहे. मागच्या आसनावर दोघे, मधे थोडे अंतर, खिडकीबाहेर मागे मागे सरकणारे नगर. मनात काय चालले आहे हे दीपा बोलत नाही. तिच्या वतीने गीत बोलते, आणि तेही पुरुषाच्या आवाजात. बाहेरचे नगर क्षणभरही थांबत नाही, म्हणून त्याची कसोटीही लागत नाही. सरकते दृश्य सुंदरच असते.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, हे सारे दिग्दर्शकाच्या मर्यादेचे लक्षण आहे; त्याला मुंबईचा हाच एक मध्यमवर्गीय, टॅक्सीतून दिसणारा चेहरा ठाऊक होता. हा आक्षेप टिकत नाही. 'रजनीगंधा'च्या दोनच वर्षे आधी बासू चटर्जी ह्यांनी 'पिया का घर' (१९७२) केला होता. राजा ठाकूर ह्यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) ह्या मराठी चित्रपटावरून तो घेतलेला. चाळीतील दाटीवाटीचे बिऱ्हाड, नवपरिणित जोडप्याला न मिळणारा एकांत, माणसे प्रेमळ असूनही जागेअभावी होणारी कुचंबणा हा त्याचा विषय. मुंबईत प्रीतीला दोन हात जागा मिळणे किती दुर्घट आहे हे ज्याने एका चित्रपटात दाखवले, त्यानेच पुढच्या चित्रपटात मोकळी, वाऱ्यावर उडणारी मुंबई दाखवली, तर तो अज्ञानाचा परिणाम मानता येणार नाही. ती दीपाची मुंबई आहे. चार दिवसांसाठी आलेल्या, पूर्वप्रेमाने भारावलेल्या तरुणीला जेवढी दिसेल तेवढीच ती आहे. दिग्दर्शकाने नगराचे चित्रण केलेले नाही. नगराकडे पाहणाऱ्या एका दृष्टीचे केले आहे.

पण काळाच्या ओघात ही दृष्टी गळून पडली आणि दृश्य तेवढे उरले. आज ह्या चित्रपटाचे स्मरण होते ते 'त्या काळची मुंबई' म्हणून. विरळ रहदारी, काळ्या-पिवळ्या टॅक्सी, बोलताना आवाज चढवावा न लागणारे रस्ते. ह्यांतले पुष्कळसे खरोखरच नाहीसे झाले आहे. नगराचे इंग्रजी नावही १९९५ मध्ये बदलले. डिझेलवर चालणारी जुनी दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि 'प्रीमियर पद्मिनी' जातीची टॅक्सी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी त्यांचे छायाचित्रांसह निरोपसमारंभ केले. जाणाऱ्या वस्तूंविषयी असे ममत्व वाटणे स्वाभाविक आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही.

मात्र ज्या वर्षाच्या मुंबईसाठी ही हुरहुर लागते, त्या वर्षाचे खरे रूप एकदा डोळ्यांसमोर आणले पाहिजे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित वस्तीवर हल्ले झाले आणि दंगल उसळली. मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. लक्षावधी कामगार त्यात उतरले आणि सहस्रावधींना अटक झाली. ज्या आगगाडीने दीपा दिल्लीहून मुंबईस सुखेनैव येते, त्याच आगगाड्या त्या वर्षी काही आठवडे विस्कळित होत्या. चाळींतील ज्या कामगारांच्या बळावर नगर चालत होते त्यांचा गिरणीसंप १९८२ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर ते जगच मोडून गेले. हे सारे 'रजनीगंधा'त नाही, म्हणून चित्रपटाला दोष देण्याचे कारण नाही. दीपाच्या खिडकीतून ते दिसणारच नव्हते. परंतु ती खिडकी म्हणजेच नगर अशी समजूत करून घेणाऱ्या प्रेक्षकाला मात्र दोषमुक्त करता येत नाही.

मराठी वाचकाला तर ही सबब मुळीच उपलब्ध नाही. जयवंत दळवी ह्यांची 'चक्र' (१९६३), भाऊ पाध्ये ह्यांची 'वासूनाका' (१९६५), नारायण सुर्वे ह्यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६), नामदेव ढसाळ ह्यांचा 'गोलपिठा' (१९७२): मुंबईची ही रूपे 'रजनीगंधा'पूर्वीच मराठी साहित्यात येऊन गेली होती. झोपडपट्टी, नाका, गिरणी, वेश्यावस्ती. ह्या लेखकांच्या मुंबईतही प्रेम आहे, किंबहुना उत्कट प्रेम आहे. परंतु त्या प्रेमाला खिडकी नाही. ते रस्त्यावर उभे आहे. हिंदी चित्रपटांतही ही उणीव फार काळ राहिली नाही. मुझफ्फर अली ह्यांच्या 'गमन' (१९७८) मध्ये उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेला गुलाम हसन मुंबईत टॅक्सी चालवतो. तीच टॅक्सी, तेच रस्ते. पण आता नगर पुढच्या आसनावरून दिसते. मागे बसणाऱ्याला जो प्रवास हवाहवासा वाटतो तो पुढे बसणाऱ्याचे पोट आहे, आणि त्याच्या हुरहुरीचा विषय मुंबई नसून दूर राहिलेले गाव आणि तिथे वाट पाहणारी पत्नी आहे. 'रजनीगंधा'तील त्या गीतात टॅक्सीचालकाच्या जीवनाकडे लक्ष देण्याचे प्रयोजन नव्हते. 'गमन' पाहिल्यानंतर मात्र प्रेक्षकाला ते गीत पूर्वीसारखे ऐकता येत नाही, आणि येऊ नये.

मग ह्या नगरप्रीतीला खोटे ठरवावे काय? येथे एका प्राचीन प्रसंगाची आठवण साहाय्यक ठरेल. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गीत कानी पडताच दुष्यंताचे मन अकारण व्याकुळ होते. प्रियजनाचा विरह नसताना ही हुरहुर कशाची, असा प्रश्न त्याला पडतो, आणि पूर्वजन्मीची स्नेहबंधने मनात सुप्त असली पाहिजेत असे त्याचे उत्तर तो काढतो. आचार्य अभिनवगुप्तांनीही स्मृती आणि रसास्वाद ह्यांच्या विवेचनात ह्या श्लोकाची दखल घेतली आहे. परंतु नाटक पाहणाऱ्याला दुष्यंताहून एक गोष्ट अधिक ठाऊक असते. राजाच्या व्याकुळतेचे कारण पूर्वजन्मात नाही. ते ह्याच जन्मात आहे, आणि काही क्षणांत ते त्याच्या सभेत येऊन उभे राहणार आहे. त्याची भावना खरी आहे. तिचे त्याने केलेले स्पष्टीकरण चुकीचे आहे. आणि ह्या चुकीच्या स्पष्टीकरणामुळे तो समाधान पावतो व समोर आलेल्या शकुंतलेला ओळखत नाही, ही त्यातली शोकांतिका.

दीपाची अवस्था हीच आहे. टॅक्सीत तिला जे वाटते ते खरे आहे. पण ते नवीनविषयीचे आहे असे तिने लावलेले स्पष्टीकरण तपासून पाहावे लागेल. तिला कदाचित आपल्या अठराव्या वर्षाची ओढ लागली आहे, कदाचित कोणीतरी वेळेवर येण्याची, कदाचित एकटीने परक्या नगरात जाऊन नोकरी मिळवण्यात जे स्वातंत्र्य असते त्याची. ह्या तिसऱ्या शक्यतेकडे चित्रपटाच्या शेवटी दुर्लक्ष होते, आणि तो त्याचा सर्वांत दुर्बळ भाग आहे. संजयला बढती मिळते, फुले येतात, आणि मुंबईची नोकरी दीपा सहज सोडून देते. मुंबईचा मोह म्हणजे नवीनचा मोह असे समीकरण चित्रपटाने मांडले, म्हणून नवीन गेला तशी मुंबईही गेली. परंतु एका सुशिक्षित तरुणीच्या दृष्टीने मुंबईतील प्राध्यापकी ही पूर्वप्रियकराहून वेगळी, आणि कदाचित अधिक टिकाऊ, अशी गोष्ट होती. कथेतही हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. पण कथा दीपाच्या तोंडून येत असल्याने तिचा शेवटचा उद्गार हा तिचाच उद्गार राहतो आणि वाचक त्याविषयी साशंक राहू शकतो. 'हेच खरे' असे तिने कलकत्त्यातही म्हटले होते, हे तो विसरत नाही. चित्रपटातील आलिंगन पडद्यावर प्रत्यक्ष दिसते, आणि दिसणाऱ्या गोष्टीविषयी शंका घेणे प्रेक्षकाला जड जाते.

प्रेक्षकाच्या हुरहुरीचीही अशीच फोड करता येईल. १९७४ ची मुंबई परत यावी असे त्याला वाटत असते काय? ते दिवस, ती टंचाई, जागेची ती ओढाताण त्याला बहुधा नकोच असेल. पुढे तीनच वर्षांनी आलेल्या 'घरौंदा'त (१९७७) त्याच अमोल पालेकरांनी घरासाठी फसवल्या गेलेल्या प्रियकराची भूमिका केली, आणि दोन खोल्यांच्या अभावी प्रेम कसे विकावयास निघते हे त्या चित्रपटाने दाखवले. प्रेक्षकाला हवा असतो तो टॅक्सीतील अवकाश: सामान्य मिळकतीच्या माणसालाही आपल्या मनाचा ठाव घेण्यापुरती सवड देणारे नगर. ही मागणी रास्त आहे. पण ती गतकाळाकडे करून उपयोग नाही, कारण गतकाळाने ती थोड्यांचीच पुरी केली होती. ती करावयाची तर आजच्या नगराकडे केली पाहिजे. दुष्यंताप्रमाणे पूर्वजन्माचे निमित्त सांगून माणूस समाधान मानील, तर सभेत येऊन उभे राहिलेले नगर त्याला ओळखता येणार नाही.

'रजनीगंधा'चे महत्त्व ह्या दृष्टीने टिकून आहे. नगराविषयीचा मोह त्याने इतक्या हळुवारपणे चित्रित केला की पन्नास वर्षांनंतरही प्रेक्षक त्या मोहात पडतो. आणि तो मोह कसा निर्माण होतो ह्याची सारी साधनेही त्याने उघडी ठेवली. ह्यापैकी पहिल्याच गोष्टीसाठी आजवर त्याचे कौतुक झाले. दुसरीचा शोध घेण्यासाठी चित्रपटाबरोबर मूळ कथाही वाचली पाहिजे, आणि ती वाचताना कानपूर, कलकत्ता, कानपूर ही तीन नावे नुसती ओलांडून जाता कामा नये.